संगणकात ठेवलेले सापडते कसे?

दहावीचा निकाल लागला आहे आणि अकरावीच्या प्रवेशअर्जाचा आज शेवटचा दिवस आहे, असे समजा. अर्जाला शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा आहे. दाखल्याची प्रत स्कॅन करून घरच्या संगणकात ठेवली होती, हे घरातल्या प्रत्येकाला पक्के आठवते. वडिलांना वाटते ती डेस्कटॉपवर आहे. आई म्हणते, मावशीला पाठवली तेव्हा ती कुठल्याशा फोल्डरमध्ये हलवली होती. शोधाच्या चौकटीत ‘दाखला’ हा शब्द टाकला, तर असे काहीच नाही म्हणून संगणक मोकळा होतो. तासाभराने, एकेक फाईल उघडून पाहता पाहता, दाखला हाती लागतो. त्याचे नाव असते ‘स्कॅन ००१७’.

दाखला संगणकातच होता आणि संगणकात कोणताही बिघाड नव्हता. सेकंदाला कोट्यवधी आकडेमोडी करणाऱ्या या यंत्राला समोरची वस्तू का सापडली नाही? हे समजून घ्यायचे तर संगणक वस्तू ठेवतो कशी आणि शोधतो कशी, हे दोन्ही पाहिले पाहिजे. त्यातून आपण आपली कागदपत्रे कशी ठेवावीत हेही आपोआप कळते.

फोल्डर म्हणजे यादी

पडद्यावर फोल्डरचे चित्र कचेरीतल्या कागदी फोल्डरसारखे असते, म्हणून आपल्याला वाटते की फाईल त्याच्या पोटात आहे. प्रत्यक्षात फाईलमधला मजकूर डिस्कवर लहान लहान ठोकळ्यांच्या रूपाने ठेवलेला असतो. एकाच फाईलचे ठोकळे कधी लागोपाठ असतात, तर कधी चार ठिकाणी विखुरलेले असतात. फोल्डर ही केवळ एक यादी असते. तिच्या एका बाजूला फाईलचे नाव आणि दुसऱ्या बाजूला त्या फाईलचे ठोकळे कुठे आहेत हे कळण्याची खूण. एखाद्या यादीत दुसऱ्या यादीचेही नाव असू शकते. यालाच आपण ‘फोल्डरमधला फोल्डर’ म्हणतो.

याचा पडताळा घरी घेता येतो. दोन तासांच्या चित्रपटाची फाईल एका फोल्डरमधून उचलून त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. काम डोळ्याची पापणी लवते न लवते तोच होते. आता तीच फाईल पेन ड्राइव्हवर घ्या. काही मिनिटे जातील. पहिल्या वेळी चित्रपटाचा एक ठोकळाही जागचा हलला नाही. एका यादीतले नाव खोडून दुसऱ्या यादीत लिहिले, एवढेच झाले. दुसऱ्या वेळी मात्र सगळे ठोकळे एका साधनावरून दुसऱ्या साधनावर उतरवून घ्यावे लागले. म्हणजे संगणकात आवराआवर करायला यंत्राला जवळजवळ काहीच कष्ट पडत नाहीत. कष्ट असतात ते आपल्याला, कोणती वस्तू कोठे ठेवायची हे ठरवण्याचे.

यादीत यादी ठेवण्याची ही युक्ती तशी जुनी नाही. आरंभीच्या बऱ्याच संगणकांत एकेका माणसाच्या सगळ्या फाईलींची एकच सपाट यादी असे. अमेरिकेत ‘मल्टिक्स’ नावाच्या संगणकप्रणालीची आखणी चालू असताना, १९६५ साली, डेली आणि नॉयमन या दोघांनी एका निबंधात झाडासारख्या फांद्या फुटत जाणाऱ्या याद्यांची रचना मांडली. तीच पुढे ‘युनिक्स’मध्ये आली आणि आज संगणकापासून फोनपर्यंत सर्वत्र आहे. घरगुती संगणकांना ती जरा उशिराच मिळाली. १९८१ साली आलेल्या ‘एमएस-डॉस’च्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते. ते १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आले. शिवाय त्या काळी फाईलच्या नावाला आठ अक्षरे आणि पुढे प्रकार सांगणारी तीन अक्षरे, इतकीच जागा असे. आठ अक्षरांत नाव काय बोलणार! कागदी फोल्डरचे चित्र पडद्यावर दाखवण्याची कल्पना मात्र १९८१ सालीच झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ या संगणकात विक्रीसाठी आली होती.

झाडाचा हिशेब

झाडासारखी रचना इतकी उपयोगी का, हे साध्या गुणाकाराने कळते. एका फोल्डरमध्ये १,००० फाईली कशाही क्रमाने पडल्या असतील, तर हवी ती सापडेपर्यंत सरासरी ५०० नावे वाचावी लागतील. त्याऐवजी प्रत्येक पायरीवर २० नावे ठेवली, तर पहिल्या पायरीवर २० फोल्डर, त्यांतल्या प्रत्येकात २० आणि त्या प्रत्येकात २० फाईली, म्हणजे २० × २० × २० = ८,००० फाईली बसतात. आणि हवी ती गाठायला फार तर ६० नावे वाचावी लागतात, तीही तीन वेळा थांबून.

मग फोल्डर आणखी खोल केले तर? प्रत्येक ठिकाणी दोनच नावे ठेवली, तर ८,००० फाईलींसाठी १३ पायऱ्या उतराव्या लागतात. कागदावर वाचायची नावे २६ वर येतात, पण तेरा वेळा ‘इकडे की तिकडे’ असा निर्णय घ्यावा लागतो आणि एक निर्णय चुकला तर मागे फिरावे लागते. नावे वाचणे सोपे असते, निर्णय घेणे अवघड. म्हणून पायऱ्या थोड्या आणि प्रत्येक पायरीवर एका नजरेत मावतील इतकी नावे, अशी रचना माणसाला मानवते. काही व्यवस्थितपणाची आवड असलेली माणसे एका फाईलसाठी एक फोल्डर करतात. ते दिसायला नेटके असते, पण त्यात फायदा कुणाचाच नाही.

हा हिशेब एक गोष्ट गृहीत धरतो. ती म्हणजे प्रत्येक पायरीवर कोणत्या फांदीने जायचे हे आपल्याला ठाऊक आहे. अडचण नेमकी तेथेच येते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा फोटो ‘शाळा’ या फोल्डरमध्ये ठेवायचा, ‘फोटो’मध्ये ठेवायचा, की ‘२०२४’मध्ये? तिन्ही बरोबर आहेत. ठेवताना एक सुचते आणि सहा महिन्यांनी शोधताना दुसरे.

ग्रंथपालांना हा पेच संगणकाच्या कितीतरी आधीपासून माहीत होता, कारण पुस्तकही मांडणीवर एकाच जागी उभे राहू शकते. यावर ज्यांनी सर्वांत मूलभूत विचार केला ते आपल्याच देशातले होते. शियाळी रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच वर्षी शिक्षणासाठी लंडनला गेले. तेथल्या एका दुकानात मेकॅनोचे सुटे भाग जोडून नाना तऱ्हेची खेळणी बनवलेली त्यांनी पाहिली आणि विषयही असेच सुट्या भागांतून जोडता येतील असे त्यांच्या मनात आले, अशी हकिगत सांगतात. १९३३ साली त्यांची ‘कोलन वर्गीकरण’ पद्धती प्रसिद्ध झाली. एखादा विषय एकाच फांदीवर लटकवण्याऐवजी त्याचे पैलू वेगळे करायचे, म्हणजे कशाविषयी, कोणत्या द्रव्याविषयी, कोणत्या क्रियेविषयी, कोठले आणि केव्हाचे, आणि हे पैलू ठरलेल्या क्रमाने जोडायचे, असे तिचे सूत्र होते.

हीच युक्ती आपल्याला फाईलच्या नावात वापरता येते. फाईल एकाच यादीत असली, तरी तिच्या नावात ‘विज्ञान प्रदर्शन’, ‘शाळा’, ‘फोटो’ आणि ‘२०२४’ हे चारही पैलू लिहिता येतात. फोल्डर एक, पण नावातून रस्ते चार. शिवाय बहुतेक संगणकांत फाईलचा ‘शॉर्टकट’ करून तो दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवता येतो. तो फाईलची प्रत नसतो, फाईलकडे बोट दाखवणारी पाटी असते. म्हणून शॉर्टकट पेन ड्राइव्हवर घेऊन फाईल घेतली असे समजणारा दुसऱ्या संगणकावर गेला की फसतो.

संगणक शोधतो तेव्हा वाचत नाही

आता दुसरा प्रश्न. शोधाच्या चौकटीत शब्द टाकल्याबरोबर हजारो फाईलींतून हवी ती क्षणात पुढे येते. संगणक त्या क्षणात सगळ्या फाईली वाचून काढतो का? मुळीच नाही. तसे करायचे तर वेगवान संगणकालाही बराच वेळ लागेल. तो आधीच तयार करून ठेवलेली सूची पाहतो.

अशा सूचीचे एक भव्य उदाहरण पुण्यात आहे. डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली संस्कृतच्या महाकोशाचे काम सुरू झाले. विद्वानांनी सुमारे दीड हजार ग्रंथ वाचले. महत्त्वाचा शब्द आला की एका चिठ्ठीवर तो शब्द आणि तो कोणत्या ग्रंथात कोठे आला हे लिहायचे, मग त्या चिठ्ठ्या अक्षरक्रमाने खणांत लावायच्या, असे ते काम होते. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तेथे आहेत. ग्रंथात आपण वाचतो ते असे की ‘या पानावर हे हे शब्द आहेत’. चिठ्ठ्यांनी ते उलटे केले, ‘हा शब्द या या पानांवर आहे’. कोणी एखाद्या शब्दाविषयी विचारले, तर दीड हजार ग्रंथ पुन्हा उघडायला नकोत, एक खण उघडला की झाले. संगणकाची सूचीही तंतोतंत अशीच उलटी केलेली असते.

एक छोटी सूची आपणच करू. समजा, तुमच्या संगणकात तीनच फाईली आहेत आणि प्रत्येकीत एकच ओळ आहे.

पहिली फाईल: आमची सहल रायगड येथे गेली
दुसरी फाईल: विज्ञान प्रदर्शन आमची शाळा भरवते
तिसरी फाईल: सहल आणि प्रदर्शन यांचा खर्च

आता शब्दवार याद्या करा. आमची: १, २. प्रदर्शन: २, ३. रायगड: १. शाळा: २. सहल: १, ३. खर्च: ३. उरलेले शब्द तुम्ही भरा. कोणी ‘सहल प्रदर्शन’ असे दोन शब्द विचारले, तर सहलीची यादी १, ३ आणि प्रदर्शनाची यादी २, ३. दोन्हींत समान असलेला आकडा ३, म्हणून उत्तर तिसरी फाईल. गणितात शिकलेला दोन संचांचा छेद तो हाच. दहा हजार फाईली असल्या तरी कृती बदलत नाही, याद्या लांब होतात इतकेच. याद्या अक्षरक्रमाने लावलेल्या असल्या, की शब्द गाठणेही सोपे होते. शब्दकोश मधोमध उघडून अर्धा भाग सोडून द्यायचा, उरलेल्याचा पुन्हा अर्धा, असे केले तर १,०२४ शब्दांतून हवा तो शब्द दहा पावलांत सापडतो, कारण २ चा दहावा घात १,०२४ आहे.

घरच्या संगणकातील सगळ्या फाईलींची अशी सूची सतत तयार ठेवण्याची सोय सर्वसामान्यांपर्यंत २००४-०५ च्या सुमारास पोहोचली. गूगलने २००४ मध्ये ‘गूगल डेस्कटॉप’ हा प्रोग्राम दिला (तो २०११ मध्ये बंद झाला), तर ॲपलच्या संगणकात २००५ मध्ये ‘स्पॉटलाइट’ आले. आता ही सोय प्रत्येक संगणकात असते. तुम्ही काम करत नसता तेव्हा संगणक गुपचूप नव्या फाईली वाचून याद्या भरत असतो. अर्थात सगळ्याच जागा तो वाचतो असे नाही. बहुधा ठरावीक फोल्डरांचीच सूची केलेली असते आणि पेन ड्राइव्ह तीत धरलेला नसतो.

आता दाखल्याचे कोडे उलगडते. ‘स्कॅन ००१७’ ही फाईल म्हणजे दाखल्याचा फोटो. आपल्याला त्यात अक्षरे दिसतात, पण संगणकाच्या लेखी तेथे फिकट आणि गडद ठिपके आहेत. सूचीत लिहिण्याजोगे शब्द दोनच, ‘स्कॅन’ आणि ‘००१७’, तेही नावातले. ‘दाखला’ हा शब्द त्या फाईलच्या आत नाही आणि बाहेरही नाही. चित्रातली अक्षरे ओळखणारे प्रोग्राम आता आहेत आणि ते देवनागरीही वाचतात. पण अस्पष्ट शिक्का, हाताने भरलेले नाव आणि दुमडलेला कागद यांपुढे त्यांचाही निभाव लागेलच असे नाही. घरातले जन्माचे दाखले, जातीचे दाखले, सातबारा आणि गुणपत्रिका बहुधा चित्रांच्याच रूपात असतात. म्हणजे जी कागदपत्रे सापडली नाहीत तर खरेच अडते, तीच शोधाला सर्वांत कमी दिसतात. त्यांना नाव देणे हाच त्यावरचा हुकमी उपाय.

मराठीची खास अडचण

मजकूर टंकलेला असला, म्हणजे आत खरी अक्षरे असली, तरी मराठीत आणखी एक पेच आहे आणि इंग्रजीसाठी लिहिलेली पुस्तके त्याविषयी काही सांगत नाहीत. संगणकाला अक्षर म्हणजे एक आकडा. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या युनिकोड पद्धतीत देवनागरीला २,३०४ पासून पुढचे आकडे दिलेले आहेत. ‘शाळा’ म्हणजे २३५८, २३६६, २३५५, २३६६. ‘शाळेत’ म्हणजे २३५८, २३६६, २३५५, २३७५, २३४०. पहिले तीन आकडे समान, पुढे फाटा फुटला. म्हणून ‘शाळा’ हा शब्द शोधला, तर ‘शाळेत’ असे लिहिलेली फाईल येणार नाही.

व्याकरणात तुम्ही सामान्यरूप शिकला आहात. विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी नामात होणारा बदल तो हाच. आपण मराठीत मूळ रूप एकटे क्वचितच लिहितो. ‘शाळेचा’, ‘शाळेला’, ‘शाळेतून’ हेच जास्त. इंग्रजीतही शब्दाला शेपटी लागते. ती कापून मूळ शब्द काढण्याची एक प्रसिद्ध रीत मार्टिन पोर्टर यांनी १९८० साली प्रसिद्ध केली. मराठीसाठीही संशोधकांनी असे काम केले आहे, पण आपल्या घरच्या संगणकाचा शोध ते वापरतोच असे धरून चालू नये.

उपाय साधा आहे. शब्दाचा जो भाग बदलत नाही तेवढाच टाकायचा. ‘शाळ’ एवढेच टाकले, की पुष्कळ प्रोग्राम त्याने सुरू होणारे सगळे शब्द दाखवतात. ‘सहल’ तर पूर्ण टाकला तरी ‘सहलीचा’ येतो. पण ‘फूल’ टाकले तर ‘फुलांचा’ येत नाही, कारण पहिल्या अक्षराचा दीर्घ ऊकार ऱ्हस्व झाला. ‘विहीर’ आणि ‘विहिरीत’ यांचे तेच. सर्वांत खट्याळ शब्द ‘पाऊस’. ‘पावसात’ आणि ‘पाऊस’ यांत समान भाग उरतो तो ‘पा’ एवढाच. येथे दोन्ही रूपे वेगवेगळी शोधण्याला पर्याय नाही. फाईलला नाव देताना मात्र निर्णय आपल्या हाती असतो. ‘शाळेच्या सहलीचा खर्च’ याऐवजी ‘शाळा सहल खर्च’ असे मूळ रूपांत लिहिलेले नाव कानाला रुक्ष लागते, पण शोधाला सोपे जाते.

लेखनाचे इतरही दुहेरी प्रकार लक्षात ठेवण्याजोगे आहेत. ‘हिंदी’ आणि ‘हिन्दी’ आपल्याला एक, संगणकाला दोन. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन वेगळ्या रीतींनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात आणि आत आकडे वेगळे असतात. अंकांचेही तसेच. देवनागरी ‘५’ चा आकडा २४११ आणि इंग्रजी पाचाचा ५३. म्हणून फाईलींच्या नावांत एक तर देवनागरी अंक वापरावेत किंवा इंग्रजी, सरमिसळ करू नये.

याहून मोठे नुकसान जुन्या फाँटांनी करून ठेवले आहे. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे, पण घरोघरच्या संगणकांत ती नीट चालू लागेपर्यंत ‘विंडोज २०००’ उजाडले, आणि त्यानंतरही अनेक वर्षे मराठी टंकलेखन जुन्याच फाँटांत होत राहिले. त्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. पडद्यावर ‘क’ दिसे, पण आत एखाद्या रोमन अक्षराचा आकडा असे. तो फाँट ज्या संगणकात नाही तेथे फाईल उघडली की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. आणि शोध तर कधीच लागत नाही, कारण सूचीत मराठी शब्द शिरलाच नाही. कित्येक शिक्षकांच्या वीस-पंचवीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका, शाळांची हस्तलिखिते, गावांच्या इतिहासाची टिपणे अशा फाँटांत अडकून पडली आहेत. ती पुसली गेलेली नाहीत, पण ती कोणाला सापडतही नाहीत. जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात. रूपांतरानंतर जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावी लागतात, पण काम होण्यासारखे आहे. तुमच्या शाळेत असा जुना साठा असेल, तर तो फाँट अजून कोणाच्या तरी संगणकात जिवंत आहे तोवर हे करून घ्यावे.

मग फोल्डर हवेत कशाला?

शोध इतका वेगवान झाला, तर फोल्डर करण्याची यातायात कशाला, असे कोणी विचारील. संगणकतज्ज्ञांनाही तसे वाटत होते. माणसे काय करतात हे पाहिल्यावर मात्र वेगळेच दिसले. ओफर बर्गमन आणि स्टीव्ह व्हिटेकर या संशोधकांनी या प्रश्नाचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांना आढळले की शोधाची सोय कितीही सुधारली, तरी स्वतःच्या फाईलींसाठी माणसे बहुतेक वेळा फोल्डरच्या वाटेनेच जातात आणि वाट आठवत नाही तेव्हाच शोधाकडे वळतात.

याचे कारण स्वयंपाकघरात पाहा. मिसळणाच्या डब्यात मोहरीची वाटी कोठे आहे हे आईला शब्दांत आठवावे लागत नाही, हात आपोआप तेथे जातो. फाईलचा शोध घेताना नेमका शब्द आठवावा लागतो. फोल्डरच्या वाटेने जाताना समोर आलेली नावे ओळखायची असतात. आठवण्यापेक्षा ओळखणे सोपे, हे परीक्षेत रिकाम्या जागा आणि पर्यायी उत्तरे लिहिणाऱ्या कोणालाही पटेल. २०१५ साली बर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआरआय यंत्रात माणसांच्या मेंदूचे निरीक्षण केले. फोल्डरमधून वाट काढताना मेंदूचे जे भाग काम करत होते, ते खऱ्या जगात रस्ता शोधताना काम करणारे भाग होते. शब्द टाकून शोधताना मात्र भाषेशी संबंधित भाग कामाला लागले.

टेबलावरच्या पसाऱ्याचीही एक बाजू आहे. टॉमस मॅलोन यांनी १९८३ साली कचेरीतल्या लोकांच्या टेबलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींचे कागद नाव लावलेल्या फायलींत होते, काहींचे नुसते ढीग होते. ढीग निष्काळजीपणाने झालेले असतातच असे नाही, हे त्यांनी दाखवले. समोर दिसणारा कागद ‘हे काम राहिले आहे’ अशी आठवण करून देतो. संगणकाच्या डेस्कटॉपवर माणसे फाईली ठेवतात ती याचसाठी. तेव्हा डेस्कटॉप मोकळा ठेवण्याचा अट्टाहास करू नये. चालू कामाच्या आठ-दहा फाईली तेथे खुशाल असाव्यात आणि काम संपले की त्या आपापल्या फोल्डरमध्ये जाव्यात. दीडशे फाईली झाल्या की आठवण कोणतीच करून देत नाही.

नावाची एक बारीक बाब राहिली, तारखेची. संगणक नावांचा क्रम लावताना डावीकडून एकेक अक्षर तपासतो. ‘०५-०८-२०२३’ आणि ‘१२-०१-२०२२’ यांत पहिले अक्षर ० म्हणून २०२३ ची फाईल आधी येते आणि कालक्रम बिघडतो. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असे ‘२०२३-०८-०५’ लिहिले, की अक्षरक्रम आणि कालक्रम एकच होतात. १९८८ सालच्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने हाच क्रम ठरवून दिला आहे. तारखेत तिरकी रेघ मात्र चालत नाही, कारण फोल्डरची वाट लिहिताना दोन नावांच्या मध्ये संगणक तीच रेघ वापरतो. आणि ‘निबंध नवीन’, ‘निबंध नवीन शेवटचा’, ‘निबंध शेवटचा खरा’ अशा नावांपेक्षा निबंधापुढे तारीख लिहिलेली केव्हाही बरी. आपला दाखलाही आता ‘२०२४-०६-१५ शाळा सोडल्याचा दाखला’ अशा नावाने ‘घर’ या फोल्डरमधल्या ‘दाखले’ या फोल्डरमध्ये जाऊ शकतो. मग ज्याला वाट आठवेल तो वाटेने येईल आणि ज्याला शब्द आठवेल तो शब्दाने.

करून पाहा

बर्गमन यांच्या गटाने २०१३ साली केलेला एक प्रयोग शाळेच्या संगणककक्षातही करता येतो. मित्राला सुटे शब्द मोठ्याने वाचून दाखवा, उदाहरणार्थ आंबा, खुर्ची, नदी, टोपी असे दहा. लगेच त्याला त्याच्या स्वतःच्या संगणकातील एक फाईल फोल्डरच्या वाटेने उघडायला सांगा. ती उघडल्यावर मघाचे किती शब्द आठवतात ते लिहून घ्या. मग दुसरे दहा शब्द वाचा आणि दुसरी फाईल शोधाच्या चौकटीत शब्द टाकून उघडायला लावा. मूळ प्रयोगात वाटेने जाणाऱ्यांना जास्त शब्द आठवले होते. वर्गातल्या निम्म्या मुलांना आधी वाट आणि मग शोध, उरलेल्यांना उलट क्रम द्या, म्हणजे सवयीचा परिणाम दोन्हींकडे सारखा वाटला जाईल. प्रत्येक वेळी फाईल उघडायला किती सेकंद लागले तेही नोंदवा. तीन महिन्यांनी त्याच फाईली घेऊन हाच प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी मांडा. मराठी नावांच्या फाईली आणि इंग्रजी नावांच्या फाईली यांचे तक्ते वेगळे ठेवायला विसरू नका.